ताप उलटलाच नव्हता

आमच्याकडं तापातून उठलेलं माणूस पुन्हा अंथरुणाला लागलं की म्हणतात, ताप उलटला. ह्या दोन शब्दांपायी मी निम्मा आषाढ आणि बराचसा श्रावण भाताच्या पेजेवर काढला. पेजेवर! मी खटावाकडची, वडूजजवळच्या कोरड्या गावची लेक, बाजरीची भाकरी आणि ठेचा खाऊन वाढलेली. अजूनही घरात कुणी आजाऱ्यासाठी पेज रांधली की माझं डोकं फिरतं, आणि आमची नातवंडं मुद्दाम विचारतात, आजी, घेतेस का वाटीभर?

ती गोष्ट दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या सालातली. माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. इस्लामपूरपासून जवळच्या गावात दिलं होतं मला. घरात माणसं मोजकी. सासू, त्यांना मी आत्या म्हणायची. सासरे, त्यांना मामा म्हणायची. मामा फौजेतून हवालदार होऊन परत आलेले, आणि आमचे हे तेव्हा फौजेत, तिकडं लांब उत्तरेत. लग्नाला सुट्टी काढून आले, पुन्हा एकदा येऊन गेले, तेवढाच आमचा संसार. बाकी ऊस, दोन म्हशी आणि आत्यांचं तोंड. ते तोंड म्हणजे दिवसभर चालणारी पिठाची गिरणी.

तरी मला सासर आवडलं होतं. असं म्हणायची पद्धत नाही आपल्याकडं, बायकांनी माहेरासाठी रडायचं असतं. पण आमच्या माहेरी उन्हाळ्यात घागरभर पाण्यासाठी आड गाठून बसावं लागायचं, आणि इथं परड्याच्या मागून पाट वाहायचा. मी धुणं घेऊन गेले की पाय पाण्यात सोडून बसून राहायची. आत्या हाका मारून दमायच्या. ‘‘आगं ये, धुतीयास का पोहतीयास?’’

आणि माझी भाकरी! आत्या काटवटीत, म्हणजे लाकडी परातीत, थापायच्या. मी हातावर थापायची, दोन्ही तळव्यांवर फिरवत फिरवत, पातळ, काठापर्यंत सारखी. आळीतल्या बायका बघायला यायच्या. आत्या तोंडावर कधी कौतुक करायच्या नाहीत, पण पावणे आले की म्हणायच्या, ‘‘बसा की जेवायला, आमच्या सूनबाईच्या हातची भाकरी खाऊन जावा.’’ तेवढ्यावर मी आठवडाभर खूश असायची.

ज्येष्ठ संपता संपता गावात ताप आला. त्याला हाडमोड्या ताप म्हणायचे. एकेका घरात सगळी माणसं आडवी. ताप चार-पाच दिवसांत उतरायचा, पण मनगटं, घोटे, गुडघे असे काही धरायचे की तरणीताठी माणसं भिंतीला धरून परड्यात जायची. मामा काठी टेकत चालायला लागले आणि वर आम्हालाच हुकूम सोडायचे, ‘‘सरळ चाला, सरळ!’’ आत्या पडल्या, मी पडले. मग हळूहळू सगळी आळी उठली. आत्या उठल्या, मामांनी काठी टाकली, मीही उठले आणि दोन दिवस झाडलोट केली.

आणि मग एका सकाळी मी काटवटीत पीठ घेतलं, पाणी घातलं, आणि मळायला गेले तर बोटं मिटेनात.

दुखत तर होतीच, पण दुखण्याचं मला काही नव्हतं. मिटतच नव्हती. बोटांची पेरं सुजून चकचकीत झाली होती. तसंच रेटून पीठ मळलं, गोळा हातावर घेतला आणि भाकरी मधोमध फाटून मांडीवर पडली. दुसरीही तशीच. आत्या चुलीपुढं बसल्या होत्या. त्यांनी फाटलेल्या भाकरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, कपाळाला हात लावून बघितला. ‘‘ताप उलटला गं हिचा,’’ असं म्हणून त्यांनी मला उचलून आतल्या खोलीत घातलं.

अंग गार होतं माझं. मी सांगत होते, आत्या, ताप नाही, अंग गार आहे. त्या म्हणायच्या, आतला ताप हाय, वरनं कळत न्हाई. मग सुरू झालं पथ्य. अंघोळ बंद, तेल बंद, ताक बंद, भाकरी बंद. खिडकीला पोतं लावलं. सकाळी पेज, दुपारी पेज, रात्री मुगाचं पाणी. आत्यांनी वाईट हेतूनं नाही केलं हे, उलटलेल्या तापात जड खाल्लं की माणूस जातं असं त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं होतं. पण माझी काय अवस्था! दुपारी घरातलं जेवण झालं की भाजलेल्या मिरचीचा वास यायचा आणि मी उशीत तोंड घालून रडायची. एकदा आत्या म्हशीकडं गेल्याचं बघून मी शिंक्यातली शिळी भाकरी काढून उभ्या उभ्या खाल्ली. इतकी गोड भाकरी जन्मात खाल्ली नाही.

चमत्कारिक गोष्ट ही होती की दुपार कलली की हात सुटायचे. सकाळी ज्या बोटांनी लुगड्याची निरी धरता यायची नाही, त्याच बोटांनी चार वाजता मी पाटीभर भांडी घासू शकायची. मला वाटायचं, चला, गेलं. दुसऱ्या दिवशी उठलं की पुन्हा लाकडाचे हात. आत्या रोज सकाळी एकदा भाकरीला बसवून बघायच्या आणि भाकरी फाटली की चार शब्द ऐकवून पुन्हा आत धाडायच्या. आळीतल्या बायका बघायला यायच्या आणि एकच विचारायच्या, ‘‘आमी बी पडलो हुतो की गं. आमी उठलो. तुलाच काय झालंय?’’ मला काय माहीत, मलाच काय झालंय! असं विचारणाऱ्या प्रत्येक बाईच्या अंगावर तांब्या फेकावासा वाटायचा. हातात तांब्या धरता येत नव्हता म्हणून वाचल्या.

मग आली नागपंचमी. त्या दिवशी आमच्यात चुलीवर तवा ठेवत नाहीत, काही चिरत नाहीत, भाजत नाहीत. सगळं उकडायचं, पुरणाची दिंडं करायची. म्हणजे भाकरीच नाही! सकाळी आत्यांनी मला भाकरीवरून ऐकवलं नाही, पंचमीचं म्हणून अंघोळ घातली, दिंडंही खाऊ दिली. मी अशी काही खुशीत आले की विचारू नका. दुपारी आळीतल्या पोरीबाळी देवळामागं फेर धरायला जमल्या. झाडाला झोका बांधलेला. मला हाक आली आणि मी गेले. हात सुटलेले होते. फेर धरला, झिम्मा खेळले, आणि मग एकीनं हात पुढं केले तशी फुगडीही घातली. घातली म्हणजे काय, गरगरा घातली. महिनाभर कोंडून घातलेलं वासरू सुटल्यासारखी मी नाचले.

आणि वळून बघते तर आत्या उभ्या.

त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी माझे हात पहिल्यापेक्षा दुप्पट सुजले होते. काटवटीपुढं बसले आणि पिठात हात घालायच्या आधीच डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा बोलल्या.

‘‘सकाळी भाकरीला हात न्हाईत आन् दुपारी फुगडीला हात हायत, व्हय गं? कुठल्या दुकानात मिळत्यात असलं हात?’’

‘‘आत्या, खरंच मिटत नाहीत. तुमची शपथ घेऊ का?’’

‘‘माजी नगं घिऊ. मला अजून जगायचं हाय.’’

आता सांगताना हसू येतं. तेव्हा अंगाची लाही झाली होती. खोटं वागायचं तर मी भाकरीच्या वेळी कशाला वागेन? ज्या एका गोष्टीसाठी ह्या घरात माझं नाव होतं, तीच गोष्ट मी सोंग करून घालवेन? पण आळीत झालं ते झालं. फुगडीवाली, असं माझं नाव पडलं.

हे सगळं मी सोसलं असतं. पण त्याच संध्याकाळी मामा पुढच्या सोप्यात बसून आत्यांना म्हणाले, ‘‘पोरीला काही दिस म्हायेरी धाडू. तिकडं इसावा मिळंल. बरी झाली की आणू.’’

मामा शांतपणे बोलले. त्यांच्या मनात काळंबेरं नव्हतं, मी आजही सांगते. पण ‘बरी झाली की आणू’ ह्या बोलण्याचा अर्थ आळीतल्या पोरासोरांनाही माहीत होता. आमच्या शेजारची सून फेफरं येतं म्हणून अशीच बरी व्हायला माहेरी गेली होती. तिच्या जागी दुसरी आली आणि त्या दुसरीच्या पोराचं बारसंही मी लग्न होऊन आल्यावर जेवले होते. आमच्या ह्यांची सुट्टी दिवाळीच्या पुढं होती. तोवर काय काय होईल, कोण कुणाच्या कानाला लागेल, कुणाला ठाऊक? मामांनी वडूजच्या बाजारला जाणाऱ्या एका माणसाबरोबर माझ्या वडिलांना सांगावा धाडला, येऊन लेकीला घेऊन जावा. मला माहेर नको होतं. मला माझं घर पाहिजे होतं, आणि माझं घर हे होतं. ते माझ्या हातातून चाललं होतं आणि हात मिटता येत नव्हते.

सांगावा गेल्यानंतर एके दिवशी पहाटे मी नेहमीप्रमाणं सगळ्यांच्या आधी उठले. झंपरची बटणं लावायची होती. वरचं बटण काही केल्या बोटांत येईना. मग मी खाली मान घालून दातांनी काज धरलं आणि दोन्ही मनगटांनी बटण ढकलायला लागले. गेलं, निसटलं. पुन्हा गेलं, पुन्हा निसटलं. घाम फुटला मला. तेवढ्यात दारात हालचाल झाली. आत्या पेटती चिमणी घेऊन उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक.

त्या आत आल्या, चिमणी कोनाड्यात ठेवली आणि माझी बटणं लावली. एक एक करून सगळी. लहान पोराची लावतात तशी, ओठ मुडपून. मग माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन दाबून बघितले. मी ओरडले.

‘‘खेळ करायचा तर बघाया माणूस लागतंय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हितं कोण हुतं?’’

एवढंच. माफी वगैरे त्यांच्या स्वभावात नव्हती, आणि मला ती नकोच होती. सोप्यात जाऊन त्यांनी मामांना उठवलं. ‘‘हिला मिरजंला न्यायची. आजच.’’ मामा म्हणाले, ‘‘आगं, तिचा बाप येतोय, तो दावंल की डागदरला.’’ आत्या म्हणाल्या, ‘‘त्यो यील तवा यील.’’

इस्लामपूरहून सांगली, सांगलीहून मिरज, आम्ही दोघी एसटीनं गेलो. मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात माणसांची ही गर्दी. आमचा नंबर दुपारी लागला. डॉक्टरीणबाई वयस्क होत्या, चष्मा नाकावर, मराठी जरा वेगळं बोलायच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘सकाळी हात आखडलेले असतात का? उठल्यावर किती वेळानं सुटतात?’’

बाई गं! मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. सगळ्या जगात सकाळचं विचारणारं पहिलं माणूस. मी आत्यांकडं बघितलं. आत्यांनी पदर सारखा केला आणि दुसरीकडं बघितलं.

रक्त घेतलं, हातांचा फोटो काढला. मग आम्हाला पुन्हा बोलावून बाईंनी समजावलं. ताप उलटलेला नाही म्हणाल्या. ताप कधीच गेला, त्याचा जंतूही बहुधा अंगात राहिलेला नाही. त्या जंतूशी लढायला अंगानं जी फौज उभी केली होती ती मात्र थांबायला तयार नाही. तिला आता आपलं कोण आणि परकं कोण ते ओळखू येईना झालंय. म्हणून ती स्वतःच्याच सांध्यांना परकं समजून त्यांच्यावर तुटून पडते. ‘‘म्हणजे बाहेरचा शत्रू गेला,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आणि हिचं अंगच हिच्यावर उलटलंय.’’

‘‘मग आमचं का न्हाई उलटलं?’’ आत्यांनी विचारलं. ‘‘आमी बी पडलो हुतो की.’’

‘‘ते आम्हालाही नीट कळलेलं नाही अजून,’’ बाई म्हणाल्या. ‘‘एखाद्यालाच होतं असं. बहुतेकांचं काही महिन्यांनी आपोआप निवळतं. काहींचं राहतं. हिचं निवळेल असं मला वाटतं, पण शब्द देत नाही.’’

आत्या विचारात पडल्या. सगळं मनात उलटसुलट करून बघत होत्या. मग त्यांच्या तोंडावर एकदम उजेड पडला.

‘‘म्हंजी डागदरीणबाई,’’ त्या म्हणाल्या, ‘‘घरच्याच माणसाला परकं समजायचं आन् सकाळ झाली की त्येच्या मागं लागायचं. हिचं अंग हिची सासू झालंय म्हणा की!’’

बाईंना हसू आवरेना. चष्मा काढून डोळे पुसले त्यांनी. पाठीमागच्या बाकावरच्या बायकाही हसायला लागल्या. मीही हसले, आणि हसता हसता मला रडू कोसळलं, ते थांबेचना. आत्या आधी हसत होत्या. मग आपण काय बोलून गेलो ते त्यांचं त्यांनाच कळलं असावं. त्या गप्प झाल्या आणि परत येईपर्यंत फारसं बोलल्या नाहीत. आत्या आणि गप्प, म्हणजे बघा.

गोळ्या दिल्या होत्या, त्या भरल्या पोटी घ्यायच्या. बाईंनी बजावून सांगितलं, हिला पोटभर जेवू घाला, उपाशी ठेवू नका. सकाळी हात कोमट पाण्यात बुडवून ठेवायचे, बोटं हळूहळू हलवायची, जड काम दुपारी. सांगलीच्या स्टँडवर आत्यांनी मला भजी आणि पाव घेऊन दिला, मी तो संपवला, तेव्हा दुसरा घेऊन दिला. खाताना माझ्याकडं बघत होत्या. ‘‘लय उपाशी ठिवली गं तुला,’’ असं एकदाच म्हणाल्या.

घरी आल्यावर मामांना समजावून सांगायचं काम आत्यांनी घेतलं. सासूची गोष्ट मात्र गाळली. मामांनी ऐकून घेतलं, मिशीवर हात फिरवला आणि म्हणाले, ‘‘म्हंजी लढाई संपली, पर फायर बंद करायचा हुकूमच कुणी दिला न्हाई.’’ त्यांना ते आमच्या दोघींपेक्षा लवकर पटलं. पण पटलं तरी त्यांचा विचार बदलला नाही. काही महिने म्हणजे ऊसतोडीपर्यंत. हंगामात आजाऱ्याकडं बघायला घरात माणूस नसणार, आणि आजारी पोरीला आईजवळच बरं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. माझी पत्र्याची ट्रंक त्यांनी स्वतःच माळ्यावरून काढून सोप्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र त्यांनी घंगाळात कोमट पाणी आणून माझ्यापुढं ठेवलं आणि स्वतः काटवट ओढून भाकऱ्या थापायला बसल्या.

माझे वडील आले ते सकाळच्या गाडीनं. कोरडवाहू गावचा माणूस, डोक्याला पटका, हातात आमच्या शेतातल्या मटकीची पिशवी. ते सोप्यात घोंगडीच्या अगदी कडेवर टेकले. मुलीचा बाप असा कडेवरच बसतो. चहा झाला. मग त्यांनी मामांपुढं हात जोडले. ‘‘पोरीच्या दुखण्यानं तुमास्नी लय तरास झाला. नेतो मी तिला. देवाच्या मनात आसंल तर बरी हुईल.’’ मी दाराआड उभी होते. ट्रंक भरून तयार होती, झाकण लावायला मला जमलं नव्हतं, ते आत्यांनी लावलं होतं.

मामा म्हणाले, ‘‘न्या. बरी झाली की...’’

‘‘थांबा,’’ आत्या आतून म्हणाल्या.

पिठाच्या हातानं बाहेर आल्या त्या. डोक्यावर पदर घेतला तर पदराला पीठ लागलं. पावण्यांपुढं सोप्यात यायची त्यांची रीत नव्हती. मामासुद्धा चकित झाले.

‘‘आवं पावणं,’’ त्या माझ्या वडिलांना म्हणाल्या, ‘‘दिवाळीला तिला न्या. जत्रंला न्या. लगीनकार्याला न्या, चार दिस जास्ती ठिवून घ्या, कोण नगं म्हणतंय? पर दुखण्याला न्यायची न्हाई. ताप हिला माज्या घरात आला. बरी बी हितंच हुईल. आन् न्हाईच झाली, तर म्हातारपणी मी हाय आन् ती हाय, दोघी मिळून एक भाकरी थापू.’’

मग मामांकडं वळल्या. ‘‘ती ट्रंक वर ठिवा.’’

मामा हवालदार होते. हुकूम ओळखायचे. उठून त्यांनी ट्रंक उचलली.

माझ्या वडिलांनी पटक्याच्या टोकानं डोळे पुसले. भाकरी खाल्ली, आत्यांनी थापलेली, जाड. दुपारच्या गाडीला मी त्यांना पाटापर्यंत पोचवायला गेले. हात सुटले होते तोवर. त्यांनी माझी बोटं हातांत घेऊन बघितली, सोडली आणि चालायला लागले. ते वळणाआड जाईपर्यंत मी उभी राहिले. सासर कितीही आवडलं तरी एरवी ते निघाले की त्यांच्या मागं पळत जावंसं वाटायचं, त्या दिवशी पहिल्यांदाच वाटलं नाही.